नकाशा कोणाच्या हातीं असावा?

भूगोलाच्या तासाला नकाशा भरावयास दिला म्हणजे आमचे विद्यार्थी प्रथम निळी पेन्सिल शोधतात. समुद्र रंगवून झाला कीं नद्या, नद्या झाल्या कीं डोंगर, आणि घंटा होण्यास दोन मिनिटें उरलीं असतां गांवांचीं नांवें. दिशा कोणती, प्रमाण काय, नकाशा केव्हांच्या स्थितीचा, हें कोपऱ्यांत लिहिण्याची आठवण वर्गांतील दोघी-तिघींनाच होते. मुलगे त्या बाबतींत बहुधा निश्चिंत असतात. तें न लिहिल्यानें फार तर एक गुण जातो, व त्याचें दुःख संध्याकाळपर्यंतहि टिकत नाहीं. परंतु जगांत कांहीं नकाशे असे आहेत कीं, त्यांच्या कोपऱ्यांतील तारीख व तास वाचावयाचा राहिला तर मनुष्य परत येत नाहीं. वणवा विझविणाऱ्या पथकांना दिले जाणारे नकाशे हे त्यांपैकीं होत. ते हल्लीं संगणकावर तयार होतात व फोनवरून वांटले जातात. ते किती जणांस द्यावे, आणि दिल्यावर त्यांवर कितपत विसंबावें, याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वणवा म्हटला कीं आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढें फाल्गुन-चैत्रांतल्या रात्रीं डोंगराच्या अंगावरून सरकणारी तांबडी माळ उभी राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पश्चिमेकडील वणवे याहून फार मोठे. तेथें पाइन वृक्षांचीं व वाळक्या झुडुपांचीं अरण्यें हजारों एकर एकाच वेळीं पेटतात, आणि एका आगीवर शेंकडों, प्रसंगीं हजारों माणसें कामास लागतात. बंबाचें पाणी अशा डोंगरांत फारसें पोंचत नाहीं. म्हणून वीस-वीस माणसांचीं पथकें फावडीं, कुऱ्हाडी व करवती घेऊन आगीच्या वाटेंतील झाडझुडूप आणि पालापाचोळा खरवडून काढतात व उघड्या मातीची लांबच लांब पट्टी तयार करतात. आपल्या वनखात्यांतील लोक जिला जाळरेषा म्हणतात तीच ही. पट्टीवर खाद्य न मिळाल्यामुळें आग थांबावी, ही कल्पना. काम साधें दिसतें; पण जो माती खरवडतो त्याला डोळ्यांपुढचें झुडूप आणि डोक्यावरचा धूर यांपलीकडे बहुधा कांहींच दिसत नाहीं. डोंगराच्या पलीकडल्या अंगास आग काय करीत आहे, हें त्याला दुसऱ्या कोणी सांगितलें तरच कळावयाचें.

सांगणारा नसला म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें देतों.

१९४९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस माँटाना राज्यांतील मॅन गल्च नांवाच्या दरींत पंधरा अग्निशामक विमानांतून छत्र्यांच्या साहाय्यानें उतरले. त्यांचें बिनतारी यंत्र निराळ्या छत्रीनें खालीं सोडलें होतें; ती छत्री उघडली नाहीं आणि यंत्राचा चुराडा झाला. खालीं त्यांना जंगलाचा एक पहारेकरी येऊन मिळाला, व सारे मिळून दरी उतरून नदीकडे जाऊं लागले. इतक्यांत आगीनें दरीच्या तोंडाशीं ओलांडून त्यांचीच वाट धरली होती. पथकनायक वॅग्नर डॉज यास तें दिसलें तेव्हां परत फिरून चढण चढण्यावांचून गत्यंतर नव्हतें; आणि वाळक्या गवतांत चढणीवर आग माणसाहून वेगानें धांवते. डॉजनें आपल्यापुढचें गवत स्वतःच पेटविलें व त्याच्या राखेंत तो पालथा पडून राहिला. इतरांना ती युक्ति उमजली नाहीं, ते पुढें धांवले. सोळांपैकीं तेरा गेले. आगीनें दरी ओलांडली ही गोष्ट त्यांना घटकाभर आधीं कळली असती तर काय झालें असतें, हा प्रश्न तेव्हांपासून विचारला जात आहे.

दुसरें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या आठवणींतलें आहे. २८ जून २०१३ रोजीं ॲरिझोना राज्यांत यार्नेल गांवाजवळच्या डोंगरावर वीज पडून आग लागली. ३० तारखेस ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट या नांवाचें वीस जणांचें पथक तेथें काम करीत होतें. दुपारीं वादळाचे ढग आले, वारा फिरला, आणि आगहि फिरली. पथक तोंपर्यंत जळून गेलेल्या, म्हणजे अर्थात् सुरक्षित, अशा जागीं होतें. तेथून तें एका शेतवाडीच्या दिशेनें खालच्या घळींत कां उतरलें, हें सांगावयास त्यांतील कोणीहि उरला नाहीं. पुढें चौकशींत असें आढळून आलें कीं, शेवटच्या घटकेपूर्वीं सुमारें अर्धा तास पथकाचा इतरांशीं पक्का असा संपर्कच झाला नव्हता. मदतीची हांक आली तेव्हां आग दाबणारें द्रव्य भरलेलें मोठें विमान आकाशांत तयार होतें. पण तें द्रव्य टाकावें कोठें, हें कोणास ठाऊक नव्हतें. आग दिसत होती, माणसें दिसत नव्हतीं. एकोणीस जण गेले. विसावा टेहळणीसाठीं दुसरीकडे उभा होता, म्हणून वांचला.

या दोन प्रसंगांमध्यें चौसष्ट वर्षांचें अंतर आहे. या काळांत मनुष्य चंद्रावर जाऊन आला, आणि प्रत्येकाच्या खिशांत उपग्रहाशीं जोडलेला फोन आला. तरीहि यार्नेलच्या त्या अर्ध्या तासांत एकोणीस माणसें कोठें आहेत हें खिशांतला फोन कोणास सांगूं शकला नाहीं. कारण फोन असणें निराळें आणि त्याच्या द्वारें एकमेकांस सांगण्याची व्यवस्था असणें निराळें. ती व्यवस्था करावी असें अमेरिकेच्या विधिमंडळानें शेवटीं ठरविलें. १२ मार्च २०१९ रोजीं मंजूर झालेल्या, डिंगेल यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या एका कलमांत, वणव्यावर काम करणारीं माणसें कोठें आहेत हें दाखविणारी यंत्रणा उभारण्याची आज्ञा आहे.

आतां नकाशा तयार कसा होतो, तें थोडक्यांत सांगूं. दिवसां उन्हानें खडकहि तापतात, म्हणून आगीचा खरा कांठ पाहावयास रात्र बरी. मोठ्या आगींवरून रात्रीं विमान फिरतें व डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण उष्णतेबरोबर बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांनीं खालच्या डोंगराचें चित्र घेतें. जाणता मनुष्य तें चित्र पाहून आगीची सीमा आंखतो. छावणींतला नकाशेवाला ती सीमा, रस्ते, पाण्याच्या जागा, हेलिकॉप्टर उतरावयाच्या जागा, काढलेल्या व काढावयाच्या जाळरेषा, हें सर्व एका नकाशावर मांडतो, आणि सकाळच्या सभेपूर्वीं तो तयार ठेवतो. जेथें आग मोकळी आहे तो कांठ तांबडा. जेथें ती आवरली गेली तो काळा. डोझर यंत्रानें काढलेली रेषा फुल्यांच्या ओळीनें दाखवितात. चिन्हें सर्व देशभर एकच ठेविलीं आहेत, कारण ऑरेगॉनच्या माणसाला उद्यां कॅलिफोर्नियांत काम करावें लागतें, आणि तेथें कोणी त्याला नवीन वर्णमाला शिकवीत बसणार नाहीं. नकाशाच्या फाइलीच्या नांवांतच वर्ष, महिना, दिवस व वेळ घालावी असा तेथील दंडक आहे. आमच्या वर्गांतील त्या दोघी-तिघींना हें वाचून समाधान वाटेल.

सभेच्या जागीं फळ्यावर कागदी नकाशा लावतात व त्याच्या कडेला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन छापतात, जो आतां आपल्याकडे भाजीवालीच्या टोपलीवरहि चिकटविलेला असतो. फोन त्याच्यापुढें धरला कीं नकाशा फोनांत येतो. पुढें डोंगरांत गेल्यावर एव्हेन्झा मॅप्ससारख्या अॅपमध्यें तो उघडला म्हणजे, आपण जेथें उभे आहों तेथें एक निळा ठिपका दिसतो. येथें पुष्कळ पालक शंका काढतील कीं, डोंगरांत फोनला रेंज कोठून? त्याचें उत्तर असें कीं, ठिपक्याला रेंज लागत नाहीं. उपग्रह आपली वेळ व आपली जागा सतत सांगत असतात. फोन तें नुसतें ऐकतो, आणि कोणाची हांक किती उशिरां पोंचली यावरून आपलें स्थान स्वतः मोजतो. नकाशा आधींच फोनांत ठेवलेला असला म्हणजे झालें. ठेवलेला नसला तर मात्र दरींत उतरल्यावर तो कोठूनहि येत नाहीं; म्हणून तो वांटावयाचा तो सकाळींच, छावणींतच.

आतां मुख्य प्रश्न. हा नकाशा कोणाच्या हातीं असावा? पथकनायकाच्या हातीं असला कीं पुरें, इतरांनीं त्याच्या मागें जावें, असें म्हणणारे लोक आहेत, आणि शिस्तीच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. वीस जण वीस फोन पाहूं लागले तर फावडें कोण चालविणार?

आम्हांसहि एके काळीं असेंच वाटत असे. दोन वर्षांपूर्वीं चाळीस मुलें घेऊन आम्ही सह्याद्रींतील एका गडावर गेलों होतों. नकाशा एकच, तो आमच्या खिशांत, आणि आम्ही सर्वांच्या पुढें. अर्ध्या वाटेवर मागचीं सात मुलें बुटाचे बंद बांधावयास म्हणून थांबलीं, पुढच्या वळणावर वाटेला दोन फांटे फुटले, आणि त्यांनीं अधिक रुंद दिसणारा फांटा धरला. तो गुरांचा होता. दीड तासानें तीं धनगरवाड्यावर ताक पीत बसलेलीं सांपडलीं; त्यांना मौज वाटली, आम्हांस मात्र त्या दीड तासांत काय वाटलें तें आम्हीच जाणतों. दोष मुलांचा नव्हता. नकाशा जेथें होता तेथें त्याची गरज नव्हती, कारण आम्हांस वाट पाठ होती. आणि ज्यांना गरज होती त्यांच्यापाशीं तो नव्हता. म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. आगीपुढें जो उभा आहे त्या प्रत्येकाच्या खिशांत नकाशा असला पाहिजे, मग तो पथकांतला सर्वांत नवखा कां असेना. पथक फुटतें तेव्हां नायक एकाच तुकडीबरोबर असतो.

पण एवढें म्हणून थांबलें तर आम्ही अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. आगीशीं जन्म काढलेल्या लोकांचा खरा आक्षेप निराळाच आहे, व तो आम्हांस वजनदार वाटतो. फोनमधला निळा ठिपका आत्तांचा असतो. पाऊल पुढें टाकलें कीं तोहि सरकतो. त्याच पडद्यावरची तांबडी रेषा मात्र मध्यरात्रींची असते, कारण विमान तेव्हां येऊन गेलें. दोन्ही एकाच कागदावर, सारख्याच ठळक दिसतात. डोळा त्यांत भेद करीत नाहीं. ठिपका जिवंत आहे म्हणून रेषाहि जिवंत आहे असें मन धरून चालतें, आणि मनुष्य स्वतःशीं म्हणतो कीं, आपल्यामध्यें व आगीमध्यें अजून अर्धा कोस आहे. तो अर्धा कोस कदाचित् पहाटेंच संपलेला असतो.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं कॅलिफोर्नियांत सकाळीं साडेसहाच्या सुमारास लागलेली आग आठ वाजण्याच्या सुमारास पॅराडाइज गांवांत शिरली होती. तिनें पंचाऐंशी माणसांचे प्राण घेतले. अशा दिवशीं आदल्या रात्रींच्या नकाशाचा काय उपयोग? तेथील वनखात्यानें १९५७ सालीं अग्निशामकांसाठीं दहा आज्ञा घालून दिल्या. त्यांतील एकीचा आशय असा कीं, आपली आग या क्षणीं काय करीत आहे हें आपणांस सदैव ठाऊक असावें. त्या वेळीं कोणाच्याहि खिशांत पडदा नव्हता. धुराचा रंग पाहावा, वारा गालावर घ्यावा, उंचावर टेहळ्या ठेवावा, हाच त्या आज्ञेचा अर्थ होता, आणि फोन आल्यानें तो बदललेला नाहीं.

तेव्हां नकाशा सर्वांना द्यावा, पण त्याबरोबर दोन गोष्टी कराव्या, असें आमचें म्हणणें आहे. नकाशाची वेळ फाइलीच्या नांवांत किंवा कोपऱ्यांतल्या बारीक अक्षरांत न राहतां तांबड्या रेषेच्या शेजारींच मोठ्या आंकड्यांत छापलेली असावी. आणि नवा नकाशा देतांना जुना काढून टाकण्याची संवय लावावी. एका फोनावरून दुसऱ्या फोनावर नकाशा पाठविणें आतां क्षणाचें काम झालें आहे. मित्रानें मित्राला उपकारबुद्धीनें कालचा नकाशा दिला, असें घडण्यास कितीसा वेळ? वांटणें सोपें झालें कीं शिळें तेंहि तितक्याच सहज वांटलें जातें. कागदी नकाशाचा घडीवर फाटण्याचा दुर्गुण या बाबतींत गुणच होता.

कागदाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. २०१८ च्या उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियांतल्या एका प्रचंड वणव्यावर मदतीस आलेल्या अग्निशामक दलाच्या नियंत्रण-गाडीचें इंटरनेट अगदीं मंद झालें. महिन्याला ठरवून दिलेला वांटा संपला, असें दूरध्वनि कंपनीच्या हिशेबांत दिसलें, आणि तिनें वेग पूर्वींच्या दोनशेंव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनहि खालीं आणला. आग तिकडे पसरत होती, इकडे बिलाविषयीं पत्रव्यवहार चालला होता! पुढें त्यावर बराच गवगवा झाला व कंपनीनें चूक कबूल केली. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं आहे अशा साधनावर सर्व भार टाकूं नये, म्हणून प्रत्येक पथकांत निदान दोघांपाशीं कागदी नकाशा व होकायंत्र असावें, आणि तें वाचतां यावें. हें शिक्षण शाळेंतच होऊं शकतें. छावणींत त्याला सवड नसते.

नकाशा खालीं जातो तसा तो वरहि आला पाहिजे. जाळरेषा कोठवर झाली, कोणता पूल मोटारीला धोक्याचा आहे, ठिणगी उडून नवीन आग कोठें लागली, हें प्रथम कळतें तें तेथें उभ्या असलेल्या माणसाला. हल्लीं तो फोनमध्यें ती जागा टिपून ठेवतो, व रेंज मिळतांच ती छावणींतल्या मोठ्या नकाशावर आपोआप चढते. माणसाचें स्वतःचें स्थानहि असेंच वर कळवितां येतें. यार्नेलला हेंच हवें होतें. यावर कांहीं अग्निशामक नाराज आहेत. आपण कोठें किती वेळ बसलों, हें साहेबाला टेबलाशीं बसून दिसावें, हें त्यांना रुचत नाहीं. आम्हांस त्यांचा राग समजतो. चौदा तास फावडें चालविणाऱ्यानें पांच मिनिटें टेकलें तर त्याचा हिशेब मागणारे अधिकारी कोणत्याहि देशांत निघतील. परंतु त्यावर उपाय स्थान लपविणें हा नव्हे. ती नोंद केवळ जीव राखण्यासाठीं वापरावी, शिक्षेसाठीं वापरूं नये, असा नियम करून घेणें हा आहे. आणि तो नियम त्यांनीं आग्रहानें मागावा.

आपल्या देशांत हें काम निराळ्या रीतीनें चालतें, पण प्रश्न तोच आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्यानें वणव्यांच्या सूचना राज्यांना पाठवीत आहे, व आतां त्या वनरक्षकाच्या फोनवर संदेशरूपानें येतात. ज्या राज्यांनीं आपल्या वनांच्या सीमा संगणकीय नकाशावर आणून संस्थेला दिल्या, त्यांना ही सूचना थेट बीटापर्यंत मिळूं शकते. म्हणजे येथेंहि नकाशा आधीं दिला असेल तरच बातमी योग्य माणसाला पोंचते. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांतील सागाचीं जंगलें उन्हाळ्यांत पानें गाळतात. मोहाचीं फुलें वेंचावयास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात, आणि तोच विस्तव पसरतो. तेथें वनरक्षक व रोजानें लावलेले अग्निरक्षक हिरव्या फांद्यांनीं झोडपून, आणि अलीकडे पाला उडविणाऱ्या यंत्रानें, आग विझवितात. विमान नाहीं, छावणी नाहीं, सकाळची सभा नाहीं. २०२४ च्या जून महिन्यांत उत्तराखंडांतील बिनसर अभयारण्यांत आग विझवावयास गेलेल्यांपैकीं चौघे जागच्या जागीं मरण पावले, तेव्हां आपल्याकडे हें काम कमी धोक्याचें आहे असें कोणी समजूं नये.

या सूचना देणाऱ्या उपग्रहांवरील यंत्रांपैकीं जें अधिक बारीक पाहतें, त्याचा एक चौकोन जमिनीवर ३७५ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. आमच्या नववींतल्या विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा. सुमारें चौदा हेक्टर भरतात. चौदा हेक्टर झाडींत आग नेमकी कोठें, हें वनरक्षकाला पायींच शोधावें लागतें, बहुधा एकट्याला, आणि बरोबरचा अग्निरक्षक तर ज्या फोनवर संदेश आला तो फोन पाहतहि नाहीं. त्या अग्निरक्षकाच्या हातीं आपल्या बीटाचा, नाल्यांचा, पाणवठ्यांचा व जुन्या जाळरेषांचा नकाशा, फोनवर नसला तर कागदावर, मार्च उजाडण्यापूर्वीं पडावा, एवढी तरी मागणी करावयास हरकत नाहीं. तो त्याच जंगलांत वाढलेला असतो. नकाशांत कोणता नाला चुकीच्या जागीं दाखविला आहे, हें तो पहिल्याच दिवशीं सांगेल.